हृदय हे घड्याळ नव्हे

मुख्य विषयाकडे वळण्यापूर्वी आपणां सर्वांना एक लहानसा प्रयोग करावयास सांगावा, अशी आमची इच्छा आहे. त्याला उपकरण लागत नाही, खर्च नाही, आणि बसल्या जागेवरून उठावेही लागत नाही. डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखाली, उजव्या हाताची तीन बोटे हलकेच टेकवा. नाडी हाताला लागली की मनातल्या मनात पाच अंक मोजीत संथपणे श्वास आत घ्या, आणि तसेच पाच अंक मोजीत बाहेर सोडा. असे चारपाच वेळा करा. श्वास आत जात असताना नाडी किंचित घाईने चालते आणि बाहेर पडताना ती रेंगाळते, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या, विशेषतः तरुण मंडळींच्या, ध्यानात येईल. ज्यांना हा फरक जाणवला नाही त्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. वय वाढते तसा हा फरक कमी होतो आणि मग तो बोटांना कळेनासा होतो.

आता ह्यात विशेष ते काय, असे कोणी विचारील. विशेष असे की, आपण सारे लहानपणापासून एक समजूत बाळगून आहोत. निरोगी माणसाची नाडी मिनिटाला बहात्तर, आणि ती कशी, तर भिंतीवरच्या घड्याळासारखी, एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत सारखे अंतर ठेवून चालणारी. आपल्या भाषेनेही ही समजूत पक्की केली आहे. भीती वाटली की आपण म्हणतो, 'काळजाचा ठोका चुकला'. ठोका चुकणे म्हणजे काही तरी बिघडणे, आणि ठोका न चुकणे म्हणजे सारे ठीक असणे, असा हा हिशेब आहे. परंतु नुकताच आपण जो प्रयोग केला त्यात कोणालाही कसली भीती वाटली नव्हती, कोणी आजारी नव्हते, आणि तरीही नाडीची चाल क्षणोक्षणी बदलत होती. निरोगी हृदयाच्या दोन ठोक्यांमधील अंतर सदैव थोडे थोडे बदलत असते. ह्या बदलाला इंग्रजीत 'हार्ट रेट व्हेरिएबिलिटी' म्हणतात. आज सोयीसाठी आपण त्याला 'स्पंदनभेद' म्हणू. हा स्पंदनभेद कोठून येतो, तो आरोग्याविषयी काय सांगतो, आणि तो सुधारावा म्हणून आपण काही करावे की काय, हा आजचा विषय.

हा विषय निवडण्यास एक प्रसंग कारण झाला. आमचे एक स्नेही आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. सकाळी टेकडीवर फिरावयास येतात. त्यांच्या चिरंजिवांनी त्यांना एक नव्या तऱ्हेचे मनगटी घड्याळ भेट दिले. ते घड्याळ वेळ तर सांगतेच, पण रात्रीच्या झोपेतील स्पंदनभेदाचा आकडाही सकाळी दाखविते. एके दिवशी त्यांनी आम्हांला वाटेतच गाठले आणि मनगट पुढे करून म्हणाले, "डॉक्टर, काल एकतीस होता, आज तेवीसच आला. गेल्या महिन्यात तर चाळीसच्या वर असे. आता काय करू?" त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी पाहून आम्हांला हसू आले नाही. आयुष्यभर ताळेबंद तपासलेला तो माणूस; आकडा घसरला की त्याला झोप कशी यावी? त्यांना आम्ही काय उत्तर दिले ते शेवटी सांगू. ते उत्तर पटण्यासाठी आधी थोडे शास्त्र समजून घेतले पाहिजे.

ठोका कोठे जन्मतो

हृदय आपला ठोका आपणच निर्माण करते. आमच्या विद्यार्थिदशेत प्रयोगशाळेत बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून क्षारमिश्रित पाण्यात ठेवीत असत, आणि ते तेथेही बराच वेळ धडधडत राही. हे प्रथम पाहताना मनाला जो धक्का बसला तो आम्ही अद्याप विसरलो नाही. हा ठोका जेथे उगम पावतो ती जागा १९०६ च्या उन्हाळ्यात सापडली. इंग्लंडातील केंट परगण्यात आर्थर कीथ नावाचे शरीररचनाशास्त्रज्ञ राहत होते. ते पत्नीसह सायकलवरून फिरून परत आले, तेव्हा मार्टिन फ्लॅक हा त्यांच्याबरोबर काम करणारा वैद्यकाचा विद्यार्थी मोठ्या उत्साहाने त्यांना सूक्ष्मदर्शकाकडे घेऊन गेला. जमिनीत बिळे करून राहणाऱ्या मोल नावाच्या चिमुकल्या प्राण्याच्या हृदयात, उजव्या कर्णिकेच्या भिंतीत, त्याला एक निराळ्याच प्रकारची पेशींची गाठ दिसली होती. १९०७ मध्ये दोघांनी हा शोध प्रसिद्ध केला. माणसाच्या हृदयातही ही गाठ असते, आणि तीच ठोक्याची जननी होय.

ह्या गाठीला एकटे सोडले तर तरुण माणसात ती मिनिटाला सुमारे शंभर ठोके देईल. मग स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी साठसत्तर कशी? कारण तिला कोणी तरी आवरून धरलेले असते. बैलगाडीचे उदाहरण घ्या. गाडीवानाच्या एका हातात कासरा असतो आणि दुसऱ्या हातात आसूड. हृदयापाशी येणारे मज्जातंतूही असेच दोन प्रकारचे आहेत. मेंदूच्या तळाशी उगम पावून गळ्यातून छातीत व पोटात उतरणारा प्राणेशा नावाचा मज्जातंतू हा कासरा. तो हृदयाची गती मंद करतो. पाठीच्या कण्यालगत असलेल्या अनुकंपी साखळीतून येणारे तंतू हा आसूड. ते गती वाढवितात. आपण शांत असतो तेव्हा कासरा ताणलेला असतो. जिना चढताना, संकटाच्या वेळी किंवा रागाच्या भरात कासरा सैल होतो आणि आसूड उठतो.

ह्या दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे. कासऱ्याचा परिणाम तत्काळ होतो, एकाच ठोक्याच्या आत. आसुडाचा परिणाम दिसावयास काही सेकंद लागतात. म्हणून ठोक्याठोक्यातील जो सूक्ष्म व जलद फरक असतो, तो बहुतांशी प्राणेशेच्या कामाचा पुरावा असतो. आपण श्वास आत घेतो तेव्हा मेंदू हा कासरा क्षणभर सैल सोडतो, श्वास सोडताना पुन्हा ओढतो. आरंभीच्या प्रयोगात आपल्या बोटांना जाणवली ती हीच ओढाताण.

प्राणेशेने हृदय मंद होते हे वेबर बंधूंनी जर्मनीत १८४५ मध्येच दाखविले होते. पण तंतू हृदयाशी बोलतो तो कोणत्या भाषेत? ह्या प्रश्नाचे उत्तर ऑटो लोवी ह्या शास्त्रज्ञाला स्वप्नात मिळाले, असे तो स्वतः सांगत असे. मध्यरात्री जागा होऊन त्याने कागदावर काही खरडले. सकाळी ते त्यालाच वाचता येईना. दुसऱ्या रात्री तीच कल्पना पुन्हा आली, तेव्हा तो उठून तडक प्रयोगशाळेत गेला. त्याने बेडकांची दोन हृदये घेतली. एकाचा प्राणेशा तंतू चेतवून ते मंद केले आणि त्यातील द्रव दुसऱ्या हृदयात सोडला. दुसऱ्याच्या तंतूला हात लावला नसताही तेदेखील मंदावले. म्हणजे तंतूच्या टोकाशी एक रासायनिक पदार्थ पाझरतो. हे काम १९२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तो पदार्थ म्हणजे ॲसिटिलकोलीन होय हे पुढे सिद्ध झाले, आणि १९३६ चे नोबेल पारितोषिक लोवी व हेन्री डेल ह्यांना विभागून मिळाले.

कासरा तुटला तर काय होते, ह्याचे उदाहरण हृदयारोपणाने पुरविले. १९६७ च्या डिसेंबरात केपटाऊन येथे ख्रिस्तियान बर्नार्ड ह्यांनी माणसातील पहिले हृदयारोपण केले, आणि अवघ्या अडीच महिन्यांत, १९६८ च्या फेब्रुवारीत, आपल्या मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन ह्यांनी तसाच प्रयत्न केला. रोगी काही तासच जगला. पण त्या काळी जगात मोजक्याच शल्यविशारदांनी असे धाडस केले होते. पुढे ही शस्त्रक्रिया यशस्वी होऊ लागली. भारतात ते यश १९९४ मध्ये दिल्लीस मिळाले. अशा नव्या हृदयाचे मज्जातंतू कापलेले असतात. म्हणून ते, निदान पहिल्या काळात, विश्रांतीतही मिनिटाला नव्वद ते एकशेदहाच्या आसपास चालते, आणि त्याच्या ठोक्यांतील अंतर जवळजवळ सारखे असते. घड्याळासारखे नियमित हृदय पाहावयाचे असेल तर ते येथे पाहावयास मिळते. ते चालते, रक्त पुरविते, माणसाला जगविते. परंतु मेंदूशी त्याचे बोलणे तुटलेले असते.

बैठकीतले उदाहरण देऊन हे अधिक स्पष्ट होईल. हल्ली रियाजासाठी ठेका वाजविणारे विजेचे यंत्र मिळते. त्याची लय केसभरही हलत नाही. पण गवयाने कोठे दम घेतला, कोठे बोल लांबविला, हे त्याला ऐकू येत नाही. समोर बसलेला तबलजी मात्र ऐकत असतो आणि ऐकत ऐकत वाजवीत असतो. निरोगी हृदय हे त्या तबलजीसारखे आहे. ते श्वासाचे ऐकते, रक्तदाबाचे ऐकते, मनाचे ऐकते. स्पंदनभेद म्हणजे ह्या ऐकण्याची खूण.

मोजणीचा इतिहास

ही खूण फार जुन्या काळापासून माणसाच्या नजरेस येत आहे. आपल्या वैद्यकात शार्ङ्गधराने नाडीच्या चालीला सापाची, बेडकाची, हंसाची उपमा दिली. नाडी केवळ मोजावयाची नसून तिची चाल ओळखावयाची आहे, हे त्या वैद्यांना कळले होते. मात्र येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. वातपित्तकफांची नाडी आणि आजचा स्पंदनभेद ही एकच गोष्ट आहे असे काही लोक छातीठोकपणे सांगतात. तसे म्हणण्यास पुरावा नाही. पूर्वजांचे निरीक्षण सूक्ष्म होते एवढे म्हणणे त्यांच्या गौरवास पुरेसे आहे.

पाश्चात्त्य देशांत स्टीफन हेल्स नावाच्या धर्मोपदेशकाने एका घोडीच्या रोहिणीत नळी घालून रक्ताचा दाब प्रथम मोजला. काचेच्या नळीत रक्त आठ फुटांहून वर चढले. १७३३ च्या त्याच्या ग्रंथात श्वासाबरोबर दाब व नाडी बदलल्याची नोंद आहे. १८४७ मध्ये कार्ल लुडविगने फिरत्या पंचपात्रावर रेघ उमटविणारे यंत्र बनवून हा बदल कागदावर उतरविला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी आइंटहोवेनने हृदयाचा विद्युदालेख काढण्याची युक्ती सिद्ध केली, आणि दोन ठोक्यांतील अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत, म्हणजे मिलिसेकंदात, मोजता येऊ लागले. नाडी मिनिटाला साठ म्हणजे प्रत्येक अंतर बरोबर १००० मिलिसेकंद असे नव्हे. एक ९६०, पुढचे १०४०, त्यापुढचे १०१०, अशी ही मालिका असते.

ह्या मालिकेचा वैद्यकीय उपयोग प्रथम कळला तो गर्भातील बालकांच्या बाबतीत. १९६३ मध्ये हॉन आणि ली ह्या संशोधकांनी दाखविले की, बाळाचा जीव धोक्यात येण्याच्या सुमारास त्याच्या हृदयाची सरासरी गती फारशी बदललेली नसतानाही ठोक्यांमधील फरक आधी नाहीसा होतो. म्हणजे सरासरीच्या आकड्यात न दिसणारे संकट फरकात दिसते. प्रसूतिगृहात आज बाळाच्या हृदयगतीची जी रेघ पाहतात, तिच्यातील बारीक नागमोड डॉक्टर शोधीत असतात ती ह्याच कारणाने.

१९७८ मध्ये ऑस्ट्रेलियात वुल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांना हृदयविकाराचा झटका आलेल्या रोग्यांत हीच गोष्ट आढळली. आणि १९८७ मध्ये अमेरिकेत क्लायगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी झटक्यातून वाचलेल्या ८०८ रोग्यांचे चोवीस तासांचे आलेख तपासून पुढे त्यांचे काय झाले ते पाहिले. ज्यांचे प्रमाण विचलन ५० मिलिसेकंदांहून कमी होते, त्यांच्यात मृत्यूचा धोका १०० हून अधिक असलेल्यांच्या मानाने पाचपटींहून अधिक होता. ह्या कामानंतर डॉक्टरांनी स्पंदनभेदाकडे गांभीर्याने पाहावयास सुरुवात केली. १९९६ मध्ये युरोप व उत्तर अमेरिकेतील हृद्रोगतज्ज्ञांच्या संयुक्त समितीने मोजण्याच्या पद्धती ठरवून दिल्या.

मधुमेह्यांसाठी एक साधी परीक्षा

आपल्याकडे ह्या ज्ञानाची सर्वांत अधिक गरज कोणाला असेल तर ती मधुमेह्यांना. रक्तात साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की पायांचे मज्जातंतू बधिर होतात हे पुष्कळांना ठाऊक आहे. पण हृदयाचे मज्जातंतूही तसेच झिजतात हे थोड्यांना ठाऊक असते. आणि शरीरातील लांबलचक तंतूंपैकी एक असल्यामुळे प्राणेशेला ही झीज लवकर लागते. असा रोगी उठून उभा राहताच त्याला घेरी येते. अधिक वाईट हे की, हृदयविकाराचा झटका येऊनही त्याच्या छातीत कळ येत नाही. नुसता घाम, थकवा किंवा धाप एवढेच होते, आणि घरची माणसे 'पित्त झाले असेल' म्हणून स्वस्थ बसतात. वेदना हा शरीराचा पहारेकरी आहे. येथे तो पहारेकरीच झोपी गेलेला असतो.

एडिंबरो येथील युइंग व क्लार्क ह्यांनी १९७० नंतरच्या दशकात ह्यावर एक सोपी परीक्षा बसविली. रोग्याला निजवून किंवा बसवून मिनिटाला सहा, असे दीर्घ श्वास घ्यावयास सांगतात, म्हणजे आपण आरंभी केला तोच प्रयोग, आणि त्या वेळी विद्युदालेख काढतात. श्वास घेतानाची सर्वांत जलद गती आणि सोडतानाची सर्वांत मंद गती ह्यांतील फरक मिनिटाला १५ ठोके वा अधिक असेल तर तो त्यांनी प्राकृत मानला, आणि १० किंवा त्याहून कमी असेल तर विकृत. वयोमानाने हा फरक कमी होतो हे अर्थात ध्यानी घ्यावे लागते. ह्या परीक्षेला मोठी यंत्रसामग्री नको. जेथे साधे विद्युदालेखाचे यंत्र आहे अशा तालुक्याच्या गावीही ती होऊ शकते. बरीच वर्षे मधुमेह असलेल्या प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांजवळ ह्या परीक्षेचा विषय काढावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो. झिजलेले तंतू पूर्ववत होणे कठीण. पण झीज रोखता येते. अमेरिका व कॅनडात १४४१ रोग्यांवर झालेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, इन्शुलिनवर अवलंबून असलेल्या मधुमेह्यांनी साखर काटेकोरपणे ताब्यात ठेवली तेव्हा मज्जातंतूंची विकृती सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाली.

आकडा वाढविणे आणि आरोग्य वाढविणे

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. स्पंदनभेद कमी असणे वाईट असेल, तर तो वाढविला की काम झाले काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर एका प्रयोगाने फार चांगले दिले आहे. धोतऱ्याच्या झाडात स्कोपोलामिन नावाचे विषारी द्रव्य असते. औषध म्हणून अगदी अल्प मात्रेत दिले असता ते प्राणेशेच्या कामाची चिन्हे वाढविते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रोग्यांना ते दिले तेव्हा त्यांचा स्पंदनभेद खरोखरच वाढला. तेव्हा हाच उपाय का करू नये, असे वाटणे साहजिक होते. अमेरिकेतील संशोधकांनी कुत्र्यांवर त्याची कसोटी घेतली. हृदयाचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडविला असता प्राणघातक बेताल सुरू होतो की नाही, हे त्यांनी पाहिले. १९९५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: औषधाने आकडा वाढला, पण जीव वाचविण्याच्या कामी त्याचा उपयोग झाला नाही. ह्याच मंडळींनी त्याआधी नियमित व्यायामाने तयार केलेल्या कुत्र्यांत मात्र खरे संरक्षण मिळाल्याचे दाखविले होते. आकडा दोहोंकडे वाढला. एकीकडे तो पोकळ होता, दुसरीकडे त्यामागे बळ होते. (हे ऐकून कोणी धोतऱ्याच्या वाटेला जाऊ नये, त्याने माणूस वेडापिसा होतो आणि मरतोही.)

शिवाय प्रत्येक अनियमितपणा चांगला असतो असेही नाही. कर्णिकांच्या थरथरीत, ज्याला डॉक्टर 'एट्रियल फिब्रिलेशन' म्हणतात, नाडी अगदी बेशिस्त चालते. मोजले तर आकडा मोठा येईल. पण तो रोग आहे, त्याने अर्धांगाचा धोका वाढतो, आणि त्यावर उपचार झालाच पाहिजे. श्वासाबरोबर हेलकावणारी नाडी आणि कसलाच मेळ नसलेली नाडी ह्या भिन्न गोष्टी आहेत. नाडी बेमेळ लागत असेल, छातीत वारंवार धडधड होत असेल, घेरी येत असेल तर घड्याळाकडे न पाहता डॉक्टरांकडे जावे.

तिसरी गोष्ट तुलनेची. निरोगी माणसांचे चोवीस तासांचे प्रमाण विचलन सरासरी १४१ मिलिसेकंद आणि त्यात ३९ इकडेतिकडे, असे १९९६ च्या समितीने दिले आहे. आमच्या स्नेह्यांनी कोठे तरी हा आकडा वाचला आणि आपला एकतीस पाहून ते हबकले. परंतु त्यांचे घड्याळ निराळेच माप दाखवीत होते. लागोपाठच्या दोन अंतरांमध्ये सरासरी किती फरक पडतो ते. शेराचे माप आणि मैलाचे माप ह्यांची तुलना करण्यापैकीच हे झाले. शिवाय माणसामाणसांत ह्या बाबतीत जन्मतःच फरक असतो. वय, औषधे, ताप, आदल्या रात्रीचे जेवण, मोजतानाचा श्वास, ह्या साऱ्यांनी आकडा हलतो. म्हणून शेजाऱ्याच्या आकड्याशी आपला ताडून पाहू नये. पाहावयाचेच झाल्यास आपल्या स्वतःच्या काही आठवड्यांच्या सरासरीकडे, आणि तेही एकाच वेळी व एकाच स्थितीत मोजलेल्या सरासरीकडे, पाहावे. एका दिवसाच्या चढउताराला काडीचेही महत्त्व देऊ नये.

मग करावे काय

उपाय ऐकून काही श्रोत्यांची निराशा होईल, कारण त्यांत नवे असे थोडेच आहे. पहिला उपाय चालण्याचा. धाप न लागता पण अंग तापेल अशा वेगाने आठवड्यातून दीडशे मिनिटे चालावे, एवढीच जागतिक आरोग्य संघटनेची किमान अपेक्षा आहे. अशा व्यायामाने काही महिन्यांत विश्रांतीतील नाडी मंदावते, म्हणजे कासरा बळकट होतो. दुसरा उपाय झोपेचा. रात्री गाढ झोपेत प्राणेशेचे राज्य असते. ते राज्य रोज लुटले गेले तर दिवसा तिला बळ कोठून येणार? तिसरा उपाय वर्ज्य करण्याचा. तंबाखू, मग ती चुना लावून असो की पेटवून, आसूड उगारणारीच आहे. आणि रात्री घेतलेल्या मद्याने झोप लागल्यासारखी वाटली तरी हृदयाला ती रात्र विश्रांतीची जात नाही. आकडा दुसऱ्या दिवशी ही चोरी उघड करतो.

चौथा उपाय श्वासाचा. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापिले आणि योगक्रियांना प्रयोगशाळेच्या कसोटीवर आणले, ही महाराष्ट्रास अभिमानाची गोष्ट आहे. २००१ मध्ये इटलीतील बर्नार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मौजेचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांनी २३ निरोगी माणसांकडून ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि 'ओं मणि पद्मे हुं' हा मंत्र म्हणवून घेतला. दोहोंनीही श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला, आणि रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा अधिक तत्पर झाली. सहाच का? रक्तदाब उतरला की हृदय जलद करावयाचे आणि चढला की मंद करावयाचे, ह्या चक्राला मुळातच सुमारे दहा सेकंद लागतात. श्वासही दहा सेकंदांचा झाला की दोन्ही एकाच लयीत येतात. झोपाळा मागे येऊन वळतो नेमक्या त्या क्षणी हलकासा धक्का दिला तर थोड्या बळात झोका मोठा जातो, तसेच हे आहे. मंत्र कोणाचा, देव कोणता, हा प्रश्न शरीरापुढे नाही. त्याला लय तेवढी समजते. दिवसातून दहा मिनिटे असा संथ श्वास घेतल्याने मन निवते आणि काहींचा रक्तदाबही थोडा उतरतो. मात्र श्वास संथ असेपर्यंत आकडा फुगतोच. ती प्रकृती सुधारल्याची पावती समजू नये, आणि डॉक्टरांची औषधे तर मुळीच बंद करू नयेत.

आता आमच्या स्नेह्यांकडे परत येऊ. त्यांचा आकडा आम्ही पाहिला आणि त्यांना विचारले, "अलीकडे झोप कशी लागते?" ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग हळूहळू कळले ते असे: त्यांच्या पत्नीला महिन्यापूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. रात्री दर दोन तासांनी त्यांना कूस बदलून द्यावी लागे, आणि हे काम ते एकटेच करीत होते. मुलगा व सून नोकरीवर जातात, त्यांना कशाला जागवावे, असा त्यांचा विचार. त्यांना झटपट आकडा वाढविणारी युक्ती हवी होती. आम्ही त्यांना कोणतीही युक्ती सांगितली नाही. "घड्याळ खोटे बोलत नाही," आम्ही म्हणालो, "पण ते हृदयाविषयी तक्रार करीत नसून तुमच्या रात्रींविषयी करीत आहे. ही गोष्ट चिरंजिवांना सांगा." त्यांना ते जड गेले. शेवटी आम्हीच एका संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला गेलो आणि विषय काढला. मुलाला हे ठाऊकच नव्हते. तेव्हापासून रात्री वाटून घेतल्या गेल्या, आणि आठवड्यातून तीन रात्री एक बाई येऊ लागल्या. सहा आठवड्यांनी टेकडीवर भेट झाली तेव्हा आकड्याचा विषय त्यांनी काढला नाही. पत्नी काठी धरून दारापर्यंत चालत आल्या, ती बातमी त्यांनी आधी सांगितली. आम्हीच विचारले, तेव्हा म्हणाले, "हो, वाढलाय थोडा. पण हल्ली रोज बघणे होत नाही."

श्रोतेहो, प्रत्येकाला वाटून घेता येण्यासारख्या रात्री नसतात. पाळीवर जाणारा कामगार, पहाटेची गाडी धरणारी स्त्री, कर्जाच्या काळजीने जागणारा शेतकरी, ह्यांना 'स्वस्थ झोपा' असे सांगणे सोपे आहे आणि निरर्थकही. त्यांच्या हृदयाचा कासरा त्यांच्या एकट्याच्या हाती नाही. तो काही अंशी घराच्या, मालकाच्या आणि समाजाच्या हाती आहे. म्हणून घरातील कोणाची नाडी धावू लागली तर आधी त्याच्याजवळ बसून, तो कोणते ओझे एकटा वाहतो आहे, एवढे विचारावे, ही आमची विनंती आहे.